पाचवीच्या मुलाला वाचायला कुणी शिकवायचं?

२०११च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्यात साक्षरतेचं प्रमाण ८३.७६ टक्के आहे, राज्याच्या सरासरीपेक्षा थोडं जास्तच. पण जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून 'लिहिता-वाचता येतं का?' एवढंच विचारतो आणि घरातलं माणूस सांगेल ते लिहून घेतो. हातात कागद देऊन 'जरा वाचून दाखवा' असं तो म्हणत नाही. नेमकं हेच काम २००५पासून 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने चालणारं 'असर' सर्वेक्षण करतं. स्थानिक स्वयंसेवक खेड्यात घरोघर जातात, मुलाला शेजारी बसवतात आणि एक कागद पुढे करतात. कागदावर सुटी अक्षरं असतात, सोपे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल जिथे अडेल ती त्याची पायरी. गुण नाहीत, पास-नापास नाही.

२०२४च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या २७.१ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना आली. पाचवीचा हा आकडा २०१८ मध्ये ५०.५ होता, करोनाने शाळा बंद पडल्यावर २०२२ मध्ये तो ४२.८वर आला आणि आता कसाबसा जुन्या जागी परततो आहे. महाराष्ट्र या सरासरीपेक्षा बरा आहे, पण 'बरा' म्हणून सुटका करून घ्यावी इतका नाही.

दोन आकड्यांपैकी तिसरीच्या आकड्याची चर्चा जास्त होते. मला पाचवीचा जास्त गंभीर वाटतो. तिसरीत अडखळणाऱ्या मुलाला अजून कुणीतरी वाचायला शिकवत असतं. पाचवीत ते काम कुणाचंच नसतं. तिथे परिसर अभ्यास असतो, भागाकार असतो, इंग्रजी असतं, आणि वाचता येतं हे गृहीत असतं. ज्याला येत नाही ते मूल फळ्यावरून नीट उतरवून घेतं, वही सुबक ठेवतं, सामूहिक वाचनात शेजाऱ्याच्या अर्धा क्षण मागून आवाज लावतं, आणि वर्ष निघून जातं.

मुळात वाचणं हे पहिलीत शिकून संपणारं काम आहे, ही आपली समजूतच चुकीची आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलापुढे २६ अक्षरं येतात आणि मग स्पेलिंगचा छळ सुरू होतो. मराठी मुलाचं उलट असतं. लिहिलेलं आणि बोललेलं बऱ्यापैकी जुळतं, पण चिन्हं मोजताना दमछाक होते. ३४ व्यंजनं धरली तरी बाराखडीचीच ४०८ रूपं होतात. 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत आल्यावर बाराखडीची चौदाखडी झाली, ती वेगळीच. त्यावर जोडाक्षरं. एकट्या 'र'चे अवतार पाहा: 'कर्म'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'क्रम'मध्ये पायाशी तिरका लागतो, 'राष्ट्र'मध्ये खाली टोपीसारखा लटकतो आणि 'वाऱ्यावर'मध्ये आणखी निराळा दिसतो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' एकच, उच्चार दोन. मोठ्या माणसाला यातलं काही जाणवतही नाही, म्हणून सहा वर्षांच्या मुलाने अडखळणं त्याला आळस वाटतो.

मानसशास्त्रज्ञ सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला आहे. कन्नड लिपी दिसायला निराळी असली तरी तिची घडण आपल्या बाराखडीसारखीच आहे. तिथे असं दिसलं की अक्षरांची ही सगळी रूपं मुलांच्या अंगवळणी पडायला चौथी उजाडते, काहींना त्याहून उशीर होतो. रोमन लिपीतल्या मुलांच्या वेळापत्रकाने आपल्या मुलांना मोजलं तर ती मागेच दिसणार.

ही घडण आजची नाही. भंडारा जिल्ह्यातच वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्या लिपीत मूळ अक्षराला छोटी रेघ जोडली की 'क'चा 'का' होतो, रेघेची जागा बदलली की 'कि' किंवा 'कु'. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचं मूल ज्या काना-मात्रेशी झगडतं, तिचा आराखडा त्याच्याच जिल्ह्यातल्या दगडावर आहे. एखाद्या शिक्षकाने पवनीची सहल या कारणासाठी काढली तर मुलांना स्तूप निदान कंटाळवाणा वाटणार नाही.

या घडणीतच शिकवण्याची किल्लीही आहे. ४०८ रूपं पाठ करायची गरज नसते. काना 'क'ला जे करतो तेच 'म'ला करतो, एवढं एकदा कळलं की काम हलकं होतं. पण आपण शिकवतो कसं? आधी सगळी मूळाक्षरं, मग सगळी बाराखडी, तीही चालीवर. मूल ती सुरेख म्हणतं. त्याला मधूनच 'कु' दाखवला तर मात्र ते मनात 'क, का, कि, की, कु' असं मोजत तिथवर पोचतं. म्हणणं आलं, वाचणं आलं नाही. याउलट क, म, न, र ही चार अक्षरं आणि एक काना एवढंच घेतलं तरी पहिल्या पंधरवड्यात काम, नाक, कान, मान, मका, काका, मामा, कमान असे शब्द हाती येतात. 'मामा, काम कर' हे आज्ञार्थी वाक्यही होतं, आणि ते वाचून मूल हसतं, म्हणजे त्याला अर्थ कळला. फलटणला १९७८ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी अशाच गटागटाने अक्षरं आणि मात्रा एकत्र आणण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षं काम केलं. 'बालभारती'नेही मूळाक्षरांचा 'अ ते ज्ञ' हा क्रम पहिलीच्या पुस्तकात केव्हाच सोडला आहे. पुस्तक बदललं, सवय मात्र सगळीकडे बदललेली नाही.

पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं सलग मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यात दिसलेली गोष्ट शिक्षकांना अनोळखी वाटणार नाही: वर्गातला बराच वेळ उतरवून घेण्यात जातो, अर्थाबद्दल बोलणं फार थोडं होतं, आणि मागच्या वर्षीचं न आलेलं तसंच मागे ठेवून वर्ग पुढच्या वर्षात शिरतो.

भंडाऱ्यात हे मागे राहणं पाऊसपाण्याशीही बांधलेलं आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जून संपता संपता उघडतात. शाळा रांगेला लागते न लागते तोच पऱ्हे तयार होतात आणि रोवणा सुरू होतो. धानाचा जिल्हा, आई-वडील दोघंही चिखलात. घरचं लहान मूल सांभाळायला तिसरी-चौथीची पोर घरी राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं, मग तेंदूपानं. पोर आठ दिवस शाळेत आली नाही यात नवल काही नाही. पण त्याच आठ दिवसांत वर्गात जोडाक्षरं होऊन गेली असतील, तर ती तिला पुन्हा कुणी शिकवायची, याचं उत्तर वेळापत्रकात नसतं.

मग येते बोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख; साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालून या झाडीबोलीचा शब्दकोश आणि अभ्यास उभा केला. या बोलीत ण, ळ, श यांची जागा बहुधा न, र आणि स घेतात. पाणी 'पानी' होतं, डोळा 'डोरा' होतो. तुमसरकडे, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, पोवारी आणि हिंदी कानावर जास्त पडते. काही घरांत गोंडीही आहे. आता मूल पुस्तकातला 'डोळा' हा शब्द पाहून 'डोरा' म्हणालं, तर काय घडलं? त्याने अक्षरं ओळखली, शब्द जुळवला, अर्थ पकडला आणि आपल्या तोंडात बसणाऱ्या उच्चारात सांगितला. हे वाचन पूर्ण आहे. शेजारचं मूल 'डो… ळा' असं शुद्ध म्हणून पुढे गेलं आणि त्याच्या मनात कुठलाही डोळा उमटला नाही, तर कच्चं ते आहे. गुरुजींनी मात्र पहिल्याला थांबवलं, तीनदा 'ळ' म्हणायला लावलं, वर्ग हसला, आणि ते पोर पुढल्या वेळी हात वर करेनासं झालं. 'पाणी'ला 'पानी' म्हणणं आणि 'पाणी'ला 'पानं' म्हणणं यांतला फरक ज्याला कळतो तो वाचायला शिकवू शकतो. 'ण' आणि 'ळ' लिहिताना हवेत, प्रमाण मराठी पुढे लागणारच आहे. तो धडा वेगळा ठेवावा. 'अशुद्ध बोलतो' हा शिक्का मारून वाचन सुधारल्याचं उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही.

भाषेचा हा पेच किती मोठा होऊ शकतो हे फिलिपिन्समध्ये दिसतं. तिथली मुलं रोमन लिपीत वाचतात, फिलिपिनो भाषेचं स्पेलिंग सरळ आहे, म्हणजे अक्षरांचा डोंगर आपल्यासारखा नाही. तरीही पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली वाचनात तो देश सर्वांत शेवटी होता. २०२२ मध्ये गुण ३४०वरून ३४७ झाले, पण चारांतली तीन मुलं किमान पातळीच्या खालीच राहिली. घरी सेबुआनो, इलोकानो किंवा आणखी एखादी भाषा, शाळेत फिलिपिनो आणि इंग्रजी दोन्ही. २०१३च्या कायद्याने सुरुवातीचे वर्ग मातृभाषेत आणले, ऑक्टोबर २०२४च्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली. धोरण असं दोन टोकांना गेलं. त्याच महिन्यात त्यांनी केलेला दुसरा कायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 'अराल' नावाच्या या कायद्याने वाचन, गणित आणि विज्ञानात मागे पडलेल्या मुलांना, थेट दहावीपर्यंतच्या, शाळेकडून विनामूल्य शिकवणी मिळण्याची सोय केली. अंमल कसा होतो ते पुढे दिसेल. पण मोठ्या वर्गातल्या मुलालाही वाचायला शिकवणं हे शाळेचंच काम आहे, एवढं त्यांनी कायद्यात लिहून टाकलं.

आपल्याकडे 'निपुण भारत' ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६०. मिनिटावर शब्द मोजण्याची काहींना चीड येते. वाचन म्हणजे शर्यत आहे का, असं ते विचारतात. पण मोजण्यामागे कारण आहे. 'तलावात शिंगाडे लागले म्हणून ढिवरांनी डोंगे काढले' हे सात शब्दांचं वाक्य घ्या. मिनिटाला १५ शब्द वाचणाऱ्या मुलाला त्याला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. 'काढले'पर्यंत येईतो 'तलावात' डोक्यातून निसटलेलं असतं, कारण मनाची तात्पुरती पाटी फार लहान आहे. ४५च्या वेगाने तेच वाक्य नऊ-दहा सेकंदांत संपतं आणि अख्खं चित्र मनात राहतं. वेग हा अर्थापर्यंत पोचण्याचा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर घड्याळ बाजूला ठेवावं. आणि नुसता वेगही पुरत नाही. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर यांनी मांडलेलं सूत्र आजही टिकून आहे: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नव्हे; एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य. म्हणून बोलीतलं बोलणं, गोष्टी ऐकणं, नवे शब्द कानावर पडणं हे वाचनातच मोडतं.

मग मागे राहिलेल्या मुलांचं काय करायचं? याचं सर्वांत पक्कं उत्तर, योगायोगाने, महाराष्ट्रातून निघालेलं आहे. 'प्रथम'ने २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच तरुणी, तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि गणित शिकवणाऱ्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं काटेकोर मोजमाप केलं तेव्हा मुलं खरोखर पुढे सरकलेली दिसली. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हेही होतं. पुढे उत्तर प्रदेशातल्या जौनपूरला गावकऱ्यांना आणि शिक्षण समित्यांना मुलांच्या वाचनाची माहिती देऊन पाहिलं. नुसत्या माहितीने काहीच हललं नाही. गावातल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले तिथे मुलं वाचू लागली. इतरत्र शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण देऊन सोडलं तेव्हाही फरक पडला नव्हता, कारण नवं साहित्य जुन्याच तासात, जुन्याच वर्गात विरून गेलं. २०१२-१३ मध्ये हरियाणात रोज एक वेगळा तास ठरवला, त्या तासापुरते वर्ग मोडून मुलांचे पातळीप्रमाणे गट केले, आणि मग त्याच सरकारी शिक्षकांच्या हातून भाषेत सुधारणा झाली.

वेळ वेगळा काढणं आणि वर्ग विसरून पातळी पाहणं, या दोन गोष्टींनी फरक पडला. भंडाऱ्याच्या शिक्षकांना 'स्तरनिहाय गट' हे शब्द नवे नाहीत. २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'पासून ते ऐकताहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रमात दुसरी ते पाचवीची मुलं घेतली, हे त्यातलं सर्वांत योग्य पाऊल. आणि जिल्ह्यातल्या छोट्या शाळांची अडचण इथे उपयोगीही पडू शकते. शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे चार वर्ग दोघांत. वर्गांच्या भिंती तशाही पातळच असतात. दुसरीचं चुणचुणीत मूल आणि चौथीचं अडलेलं मूल तासाभरासाठी एका गटात बसवायला तिथे फार काही हलवावं लागत नाही. चौथीच्या मुलाला लाज वाटू नये, एवढं शिक्षकाने सांभाळायचं.

त्याच कार्यक्रमात 'चावडी वाचन' आहे: मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचं. कल्पना चांगली आहे, कारण शाळेत काय चाललंय हे गावाला कानांनी कळतं. धोका एवढाच की चावडीवर हुशार मुलं पुढे येतात आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते मूल त्या दिवशी शेतात जातं.

वाचायला आल्यावर वाचायला काय, हा प्रश्न राहतोच. समग्र शिक्षा अभियानातून शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांचं अनुदान ठरलेलं आहे. पुस्तकं येतात आणि पुष्कळदा 'फाटतील' म्हणून कपाटात कुलूपबंद होतात. पुस्तक फाटलं म्हणजे कुणीतरी ते वाचलं. शाळा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कोऱ्या करकरीत पुस्तकांबद्दल जाब विचारायला हवा. 'बालभारती'च्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे अंक संगणकावर फुकट उघडले आहेत. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर पातळी लावलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती लागतात. ठळक टाइपातली ती नावं, तारखा, गावं यांच्याइतकं मुलांच्या आवडीचं वाचनसाहित्य शोधूनही सापडणार नाही.

आणि पुस्तक नसेल तर मुलांकडूनच ते तयार होतं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवत. सरकारी वाचनपुस्तकात त्या मुलांचं जग नव्हतं, म्हणून त्या प्रत्येक मुलाला त्याला हवा असलेला शब्द विचारत, कागदावर लिहून देत आणि तिथून वाचन सुरू करत. १९६३ मध्ये त्यांनी ते 'टीचर' या पुस्तकात लिहिलं. इथे यासाठी परवानगी लागत नाही. मुलाने सांगावं, 'आमच्या बोडीवर बगळे आले', शिक्षकाने तेच शब्द फळ्यावर लिहावेत, मुलाने वाचावेत. आजीची गोष्टही अशीच कागदावर येऊ शकते. मामा तलाव, बोडी, शिंगाडे, डोंगा, रोवणा हे शब्द मुलाच्या तोंडात आधीच आहेत. डोळ्यांना फक्त त्यांची अक्षरं ओळखायची आहेत.

मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घातलं की हा प्रश्न सुटतो असं वाटणाऱ्या पालकांनाही एक सांगणं आहे. 'असर'ची पातळी खासगी शाळेतल्या मुलालाही लावून बघा. मराठी पाठ्यपुस्तकातलं एक पान आणि पाच मिनिटं पुरतात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. तिसरी ते पाचवीतल्या किती मुलांना आज दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी रोजचा कोणता तास राखून ठेवला आहे. पहिल्याचं उत्तर आकड्यात मागा, दुसऱ्याचं वेळापत्रकावर लिहून घ्या. तास कोण घेणार यावर गाडी अडली, तर गावात बारावी झालेल्या मुली असतातच. त्यांच्यापैकी एकीला विचारा, आणि तिच्या मानधनाचं ग्रामपंचायतीत बोलून ठेवा.